‘ठरले’ या बटणाची हकिकत

जळगाव,
२९ नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप आधारनाना यांच्या पायांशी रतिलालचा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा दोन महिन्यांपासून वाकत नाही, म्हणून हा नमस्कार कागदावरच घ्यावा.) आम्ही दोघं ठीक आहोत. आपला खोकला कसा आहे? धुळ्याची थंडी आपल्याला कधीच मानवली नाही. अडुळशाचा काढा कडू म्हणून खिडकीतून ओतून देऊ नये, अशी सुनंदाची विनंती आहे. वहिनींना नमस्कार.

आपलं चार ओळींचं पत्र पोचलं. त्यातल्या तीन ओळी माझ्या अकलेविषयी होत्या आणि चौथीत सही. नाना, आपल्या हाताखाली मी नऊ वर्षं कचेरीत काढली, आपला राग मला नवा नाही. पण आपल्या भाचीचं, मंजुळाचं नाव मी परस्पर ‘ठरले’ म्हणून जाहीर केलं आणि चोपड्याचं चांगलं स्थळ घालवलं, हे आपण मनात पक्कं धरलंत त्याचं वाईट वाटलं. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

निवृत्त झाल्यावर मी आपल्या वधू-वर सूचक मंडळाचा चिटणीस झालो, हे आपल्याला ठाऊक आहेच. गेल्या साली अध्यक्षांच्या मनाने घेतलं की आता मुलं पुण्याला आणि परदेशात आहेत, तेव्हा आपल्या याद्या इंटरनेटवर पाहिजेत. कुणा पुणेकराकडून एक प्रोग्राम आणला. त्यात असं की, चिटणिसाने परवलीचा शब्द घालून आत शिरायचं, मग प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे तीन बटणं दिसतात: बदला, काढा आणि ठरले. (तिन्ही रोमन अक्षरांत. ‘काढा’ वाचून मला पहिले आठ दिवस औषधाचीच आठवण यायची.) ‘ठरले’ दाबलं की त्या मुलीचं किंवा मुलाचं नाव यादीतून निघतं आणि वेगळ्या पानावर अभिनंदनासह झळकतं. हे सगळं मी साठीला आल्यावर शिकलो. सुनंदा म्हणायची की माणसाने या वयात नातवंडांना खेळवावं, उंदीर कसला फिरवता. पण मला ते काम आवडायला लागलं होतं, हे आपल्यापाशी कबूल करतो. कचेरीत चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार केले. इथे पहिल्यांदाच माझ्या बोटाने काही ठरत होतं.

तर मंगळवारी, सोळा तारखेला, सकाळी मी मंडळाच्या कचेरीत बसून नव्या नोंदी चढवत होतो. सुनंदा डबा घेऊन आली होती. तेवढ्यात दिवाळीच्या शुभेच्छांचं एक ई-मेल आलं. (दिवाळी होऊन आठवडा झाला होता, पण हल्ली टपाल तरी कुठे वेळेवर येतं, असं मी म्हटलं.) त्यात एक निळी ओळ होती. तिच्यावर टिचकी मारली तर पडदाभर पणत्या लागल्या. एकेक पणती लागत गेली आणि शेवटी खाली रांगोळी उमटली. आम्ही दोघं कौतुकाने पाहत राहिलो. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. सुनंदा म्हणाली, कुणीतरी सुस्वभावी मूल दिसतंय.

गुरुवारी चोपड्याहून फोन आला. मुलाचा भाऊ पुण्यात असतो आणि तो रोज आपलं पान बघतो. त्याने पाहिलं की मंजुळाचं लग्न ठरलं. मग आम्ही रविवारी मुलगी पाहायला कशाला यायचं, असं त्यांनी विचारलं, आणि तेही फार सभ्यपणे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी असोद्याहून आपले मेहुणे, मंजुळाचे वडील जीवरामभाऊ मोटारसायकलवर आले. केळीची कापणी अर्धी टाकून आले होते, हातावर चिकाचे डाग तसेच होते. पाणी घेतलं नाही. एवढंच बोलले, “रतिलाल, पोरगी कोनाले दिली तुनं, येवढं सांग मले.”

नाना, मी संगणक उघडला. नाव मी तेव्हाच यादीत परत घातलं, पण रविवारी मंडळाची बैठक भरली. प्रोग्राममध्ये कोणी काय केलं याची नोंद राहते. तिच्यात लिहिलं होतं: मंगळवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं, चिटणीस. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. मग मोतीलाल सराफांनी आठवण करून दिली की सुनंदाची भाचीही यादीत आहे आणि चोपड्याचा मुलगा तिच्याही वयाला जमतो. चौतीस वर्षांत मला एक मेमो मिळाला नव्हता. त्या बैठकीत मी पायातल्या चपलांकडे बघत बसलो. वेळ माझी होती, खुर्ची माझी होती, परवलीचा शब्द माझाच. मला स्वतःलाच शंका यायला लागली की म्हातारपणी आपला हात आपल्याला न विचारता काम करू लागला की काय. (घरी येऊन मी दोन वेळा एक ते शंभर अंक उलटे म्हणून पाहिले. बरोबर आले.)

सोमवारी मी मंदाबाईंकडे गेलो. त्या नवी पेठेत संगणकाचे क्लास घेतात, मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. त्या वेळी शेजारी आणखी काय उघडलं होतं, एवढंच विचारलं. मी पणत्या दाखवल्या. त्यांनी काहीतरी दाबून त्या पानाची आतली बाजू वर आणली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पणत्यांच्या चित्रांच्या मागे, डोळ्यांना न दिसणारी एक आज्ञा ठेवली होती: आपल्या मंडळाच्या पानावर जा आणि सत्तेचाळीस क्रमांकापुढचं ‘ठरले’ दाब. हे पान दुसऱ्या कुणी उघडलं असतं तर काही झालं नसतं, कारण आपला प्रोग्राम त्याला ओळखत नाही. पण मी त्या वेळी आत शिरलेलो होतो. आज्ञा माझ्या संगणकावरून गेली, प्रोग्रामने माझं तोंड पाहिलं आणि मान डोलावली. ही इच्छा चिटणिसाची की भलत्याच पानाची, हे तो विचारतच नाही. नाना, आपल्याला आठवेल, साहेब जेवायला उठायच्या घाईत असताना पुना नावाचा शिपाई सह्यांच्या गठ्ठ्यात स्वतःच्या रजेचा अर्ज सरकवायचा. सही खरी असायची, साहेबही खरे असायचे. तसंच हे.

मंदाबाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं आणि त्या थोडं हसल्या. म्हणाल्या की हात माझ्याच विद्यार्थिनीचा आहे, शिकवलंय मीच, पण नाव विचारू नका. विचारायची गरज नव्हती. सत्तेचाळीस क्रमांक मंजुळाचा.

बुधवारी मी बसने असोद्याला गेलो. जीवरामभाऊ मळ्यात होते. मंजुळा ओसरीवर कपाशीची बोंडं निवडत होती. मी फक्त म्हटलं की पणत्या छान होत्या. तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. रडली नाही, नाही म्हणाली नाही. धुळ्याच्या कॉलेजात संगणकाच्या पुढच्या वर्गाला येत्या जूनमध्ये जायचं, हे तिने वडिलांना तीनदा सांगितलं, आईला रोज सांगितलं, राखीपौर्णिमेला आपल्यालाही सांगितलं. (आपण तेव्हा श्रीखंड खात होता आणि ‘बघू’ म्हणालात, असं ती म्हणते.) मग ती म्हणाली, “काका, माझ्या नावापुढे तीन बटणं आहेत. ती तुम्ही दाबू शकता, अध्यक्ष दाबू शकतात. मला एकही नाही.” माझी बेअब्रू होईल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ते कळल्यावर मात्र तिने माझे पाय धरले आणि मंडळापुढे येऊन कबूल करते म्हणाली. मी तिला येऊ दिलं नाही.

शुक्रवारी मंदाबाईंनी प्रोग्राम दुरुस्त केला. आता प्रत्येक बटणामागे दर वेळी नवा गुप्त आकडा असतो. तो बाहेरच्या पानाला माहीत नसतो, त्यामुळे कितीही पणत्या लावल्या तरी आज्ञा परत फिरते. मंडळाला मी सांगितलं की प्रोग्रामात भोक होतं आणि बाहेरच्या एका पानाने त्याचा फायदा घेतला. पान कुणाचं, ते सांगितलं नाही. इतिवृत्तात ठराव झाला की चिटणीस निर्दोष, परंतु भोळे. तो मी मान्य केला. चोपडेकरांचाही गैरसमज दूर झाला आहे आणि ते येत्या रविवारी, पाच तारखेला, मुलगी पाहायला येणार आहेत. तेव्हा राग सोडावा. वहिनींना काळजी करू नका म्हणावं.

आपला आज्ञाधारक,
रतिलाल

ता. क. यामागे मंजुळा होती, हे जीवरामभाऊंना कळता कामा नये. आपल्याला सांगायला तिनेच परवानगी दिली. “मामा ओरडतील, पण ऐकतील,” असं म्हणाली. आपल्या माडीवरची खोली आपला मुलगा नाशिकला गेल्यापासून रिकामी आहे. मुलीला दोन वर्षं शिकायला माझ्याकडे पाठवा, लग्नाचं पुढे बघू, असं आपण भाऊंना लिहावं, आणि ते आपल्या मनाने सुचलं असं लिहावं. स्थळ आपणच आणलं होतं. ते मागे घ्यायला आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाची छाती होणार नाही.

ता. क. २. भाऊंना ते पत्र आपल्याला हे वाचताच टाकावं लागेल. कारण आज सकाळी सत्तेचाळीस क्रमांकापुढे पुन्हा ‘ठरले’ लागलं आहे. मुलाच्या पुण्यातल्या भावाने ते आतापर्यंत पाहिलं असेल, त्यामुळे रविवार टळला असं समजावं. पण जीवरामभाऊ चार-पाच दिवसांत मंडळात येऊन थडकतील. प्रोग्रामला दोष देऊ नये, मंदाबाईंनी काम पक्कं केलं आहे. ई-मेल एकही आलं नव्हतं. मंडळासाठी मी राजीनामा लिहून ठेवला आहे. नोंदीत चिटणिसाचं नाव आलं आहे आणि या खेपेला ते खरं आहे.