सहा वाजताचा निरोप

पुएर्तो अम्पारो ठाणं,
रविवार, १९ मे १९९१

प्रिय सोराइदाताई,

तुझं पत्र बुधवारच्या लाँचने मिळालं. मी बरा आहे, निदान उभा तरी आहे. गुडघा अजून दुखतो म्हणतेस, आणि त्याच गुडघ्याने तू रोज शेतावर जातेस हे तू न लिहिताही मला कळतं. अजगराची चरबी चोळायला शेजारच्या फिलोमेनाला सांग. स्वतः वाकत बसू नकोस. आणि छपराची पानं यंदा बदलून घे, मी येईन म्हणून थांबू नकोस.

इथे नदी उतरायला लागली आहे. नवे कॅप्टन आलेत, किनाऱ्याकडच्या शहरातले. पाण्याच्या हंड्यापाशी बंदूकधारी पहारा बसवलाय, न उकळलेलं पाणी कुणी तोंडाला लावलं तर दोन दिवस कोठडी. हे शहाणपण एप्रिलमध्ये कुठे गेलं होतं, असं सगळ्यांच्याच मनात येतं. विचारत कुणी नाही.

तुझ्या कोंबड्यांबद्दल लिहिलंस. आपल्या डेल्मेरची लाल कोंबडी अजून अंडी देते, हे वाचून बरं वाटलं.

असंच अजून दोन पानं लिहीत बसेन मी. तुला माझी सवय माहीत आहे. लहानपणी भांडं फोडलं की मी आधी तुला अंगणातल्या पपईची हकिगत सांगायचो.

तू लिहितेस, ब्रिगेडचा वकील लेफ्टनंट घरी आला होता. झोपाळ्यावर बसून तू दिलेलं केळ्याचं चापो प्यायला, डोळे पुसले, आणि एक कागद ठेवून गेला. २७ तारखेला सही घ्यायला परत येणार आहे. कागदात म्हटलंय की आमच्या ठाण्याचे तेव्हाचे प्रमुख मेजर उर्रुनागा यांनी रोग लपवला, प्रकरण अंगाशी आलं तेव्हा वरिष्ठांना डावलून रेडिओवर बोंब ठोकली, आणि त्यांच्या हलगर्जीपणामुळे नऊ पोरं गेली. नवापैकी सहा आयांनी सही केली आहे. तू लिहितेस, "त्या मंगळवारी माझ्या पोराचा निरोप मी या कानांनी ऐकला. मजेत आहे म्हणाला. आणि हा मेजर म्हणतो, रोग आठवडाभर होता! खोटारडा मेला. तू लष्करातला माणूस, तूच सांग, करू ना सही?"

सांगतो. पण शेवटपर्यंत वाच, मध्येच चुलीत टाकू नकोस.

पहिला सैनिक शनिवारी, सहा एप्रिलला, आजारी पडला. सोमवारपर्यंत अकरा जण आडवे झाले. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, डोळे खोल, बोटांची कातडी सुरकुतलेली. आमच्या दवाखान्यातल्या कॉर्पोरलने सांगितलं, ही पटकी आहे. सलाईनच्या बाटल्या होत्या चौदा, त्या संपल्या. मेजरसाहेबांनी माझ्या वायरलेसवरून ब्रिगेडला सहा वेळा कळवलं. सहाही वेळा मीच पाठवलं, उत्तरंही मीच उतरवून घेतली. उत्तर एकच: पटकी हा शब्द वापरू नये. सीमेवरच्या ठाण्यात साथ आहे हे पलीकडच्यांना कळता कामा नये. तीव्र जुलाब म्हणावं. डॉक्टर येईपर्यंत कुणी हलायचं नाही, बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही.

खाली दोन तासांवर मिशनचा दवाखाना. त्यांच्या लाँचवर सलाईनची खोकी, दोन नन, एक डॉक्टर. सगळ्या नदीला माहीत होतं. आम्हाला फक्त विचारायची मनाई.

मंगळवारी सकाळी मेजरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. पहिला पोरगा तेव्हा नुकताच गेला होता. त्यांनी वहीचं पान फाडलं आणि उभ्यानेच लिहिलं. म्हणाले, "सार्जंट तानान्ता, वर सांगून झालं. आता खाली सांगू. हा कागद मिशनच्या रेडिओवर दे. सहाच्या निरोपांत वाचायला सांग."

मी म्हटलं, "मेजरसाहेब, ब्रिगेडला न विचारता? तुमची नोकरी जाईल."

"जाईल. तुझी जाणार नाही, खाली सही माझी आहे. नीघ."

सहाचे निरोप म्हणजे काय हे तुला मी काय सांगू? तू स्वतः चूल सोडून येऊन बसतेस रेडिओपाशी. अमक्याची लाँच गुरुवारी येते, तमकीला मुलगी झाली, डुकराचं गिऱ्हाईक मिळालं. सगळी नदी ऐकते. साहेबांनी बरोबर हेरलं होतं. ब्रिगेडने दाबलेला शब्द फादर होनोरातो सहा वाजता वाचतील, साडेसहाला मिशनची लाँच निघेल, आणि गावोगावच्या बाया पाणी उकळायला ठेवतील.

मी निघालो. पण निघण्याआधी वायरलेसच्या खोलीत गेलो आणि ब्रिगेडमधल्या पिसांगोला हळूच विचारलं. तो आणि मी एका तुकडीत शिकलो. म्हणाला, "अरे, त्या म्हाताऱ्याला वेड लागलंय. तू कशाला त्याच्याबरोबर बुडतोस? पेन्शनला किती राहिलं तुझ्या?"

"चौदा महिने."

"मग खिशात ठेव. गुरुवारी विमानाने डॉक्टर येतोय. दोन दिवसांनी काय होतंय?"

ताई, त्या दिवशी माझ्याजवळ दोन कागद होते.

दुसरा डेल्मेरचा. रविवारी, धडधाकट असताना, त्याने हसत हसत लिहून दिला होता, "मामा, मिशनला गेलास तर देऊन टाक." मंगळवारी मी होडीत बसलो तेव्हा तो पहाटेपासून खाटेवर होता. उठून बसायची ताकद नव्हती. हे मला माहीत होतं. मी त्याचं अंथरूण बदलून आलो होतो.

रेडिओच्या खिडकीत डोन्या ओलिंडा बसते. मी डेल्मेरचा कागद दिला. तिने मोठ्याने वाचून पाहिला आणि हसली. "कोंबडीची काळजी आईपेक्षा जास्त!" मग म्हणाली, "हातात अजून एक दिसतोय, सार्जंट. तोही द्यायचाय का?"

मी म्हटलं, "नाही. तो माझा आहे."

परत आलो आणि मेजरसाहेबांना सांगितलं, दिला.

सहा वाजता सगळे रेडिओपाशी जमलो, आजाऱ्यांच्या खाटाही जवळ ओढल्या. फादरांनी वाचलं: "सान हेनारोच्या डोन्या सोराइदा मुरायारी यांना मुलाचा निरोप. आई, मी मजेत आहे. इथलं जेवण गिळवत नाही. भाजलेल्या कसाव्याचा फारिन्या पाठव, आणि माझी लाल कोंबडी कापू नकोस." पोरं हसली. डेल्मेर पण हसला. माझा हात धरून म्हणाला, "मामा, आईने ऐकलं असेल ना?" साहेब शेवटच्या निरोपापर्यंत थांबले. मग म्हणाले, "फादरांना जागा मिळाली नसेल. उद्या वाचतील."

बुधवारी सहाच्या निरोपांत तुझं उत्तर आलं, फारिन्याचं पोतं निघालंय, कोंबडी जिवंत आहे म्हणून. ते त्याने ऐकलं. मला दोनदा म्हणायला लावलं. तू विचारलं होतंस ना, त्याने तुझी आठवण काढली का? काढली. पाणी मागायचा आणि तुला मागायचा. पाणी पोटात ठरत नव्हतं. बुधवारी तीन पोरं गेली. साहेबांचा निरोप त्याही दिवशी नाही.

गुरुवारी विमान आलं नाही. पिसांगो म्हणाला, हवा खराब आहे. इथे निळं आभाळ होतं. त्या संध्याकाळी रेडिओ संपल्यावर साहेब म्हणाले, "उद्या मीच जातो." मी तेव्हा बोलू शकलो असतो, ताई. होडी तयार होती, मी नदी डोळे मिटून ओळखतो. कागद शर्टाच्या खिशात होता. मी डेल्मेरशेजारी बसून राहिलो आणि त्याच्या पायांत गोळे यायचे ते चोळत राहिलो.

शुक्रवारी सकाळी साहेब गणवेश घालून गेले आणि निरोपांची वेळ नसताना स्वतः रेडिओवर बोलले. ते तू ऐकलंस, पटकी हा शब्द सगळ्या नदीने ऐकला. डेल्मेर दहाला गेला. मिशनची लाँच दोनला आली. चार तास. त्यानंतर सव्वीस जणांना सलाईन लागलं आणि त्यातला फक्त एक गेला. त्या लाँचच्या आधी आठ गेले. साहेबांनी कागद दिला तेव्हा एकच गेला होता. राहिलेले सात माझे आहेत. त्यात तुझा आहे.

तुझं फारिन्याचं पोतं शनिवारी आलं. बऱ्या होणाऱ्या पोरांनी खाल्लं. मी वाढलं, मला एक घास गेला नाही.

कागद पोचलाच नाही हे साहेबांना मिशनमध्येच कळलं होतं. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "कागद आहे अजून?" मी काढून पुढे केला. त्यांनी पाहिला आणि मला परत दिला. म्हणाले, "ठेव. आज ना उद्या तुलाच लागेल." नंतर ब्रिगेडच्या लोकांनी त्यांना नेलं. या महिन्याच्या सहा तारखेला चौकशीत त्यांना विचारलं गेलं, रेडिओवर बोलण्याआधी कुणाजवळ काही लिहून दिलं होतं का? ते म्हणाले, हुकूम पोचला की नाही हे बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही. माझं नावही घेतलं नाही. मग मला विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही.

म्हणून विचारतेस तर सांगतो. सही करू नकोस. मेजर उर्रुनागा खोटारडा नाही. मंगळवारचा निरोप खोटा होता, आणि तो तुझ्या भावाने तुला पोचवला.

साहेबांचा कागद या पत्रात आहे. वर तारीख आहे, खाली सही. घामाने शाई पसरली आहे, पण वाचता येतं. २७ तारखेला वकिलाला नुसता दाखव, हातात देऊ नकोस. आधी फिलोमेनाला आणि बाकीच्या आयांना वाचून दाखव. त्याच दिवशी मी ब्रिगेडमध्ये जाऊन जबानी देणार आहे. पण जबान्या तिथल्या खणांत कशा नाहीशा होतात हे अठरा वर्षं मी पाहिलं आहे, म्हणून कागद तुझ्याकडे. ब्रिगेडला न विचारता मी पाठवलेला हा पहिलाच कागद.

पत्राला लाँचने उशीर झाला तर, म्हणून काल मिशनला जाऊन डोन्या ओलिंडाच्या हातात निरोपही दिला: "सान हेनारोच्या डोन्या सोराइदाला. भावाचं पत्र येतंय. वाचल्याशिवाय सही करू नकोस." या वेळी ती वाचून होईपर्यंत खिडकीपासून हललो नाही.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुझा एकुलता एक मुलगा तू माझ्या भरवशावर या ठाण्यात पाठवलास, मीच तुला म्हटलं होतं, मामाजवळ राहील तर सुखरूप राहील. क्षमा मागायचं तोंड मला नाही, आणि तू ती देऊही नकोस. तुला काही सांगायचं असेल तर सहाच्या निरोपांत सांग, सगळ्या नदीला ऐकू येईल असं. शिव्या घातल्यास तरी चालेल. मी ब्रिगेडला निघेपर्यंत रोज रेडिओपाशी बसेन. डेल्मेरची खाट होती तिथे.

डेल्मेरचा मामा,
एलेउतेरिओ