आईला लॅब दाखवली

शनिवार, १४ जून

आज आईला माझी लॅब दाखवली. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जुन्या जहाजाचं, सोनारनं म्हणजे ध्वनिलहरींनी टिपलेलं चित्र स्क्रीनवर होतं. आईनं विचारलं, "आत माणसं असतील?"

सगळ्यांना सांगते तेच सांगून टाकलं. "नाही गं, इतक्या वर्षांनी काहीच उरत नाही."

मग तिचा चेहरा पाहिला. बाबांचं जहाज बेपत्ता झालं तेव्हा मी चौथीत होते. ते गेल्याचं जहाज कंपनीचं पत्र आलं, पण आईनं ते कधी मानलं नाही, मंगळसूत्रही काढलं नाही. काहीच उरत नाही, हे तिला मीच कसं सांगितलं?

घरी येताना कारमध्ये ती म्हणाली, "यंदा पितृपक्षात त्यांचं श्राद्ध करू."

मला 'नको' म्हणायचं होतं. 'बरं' म्हणाले.