साडेबहात्तर किलो

३ ऑक्टो. २००२, गुरु.
दत्ताची आरती उरकून व्यायामशाळेत. दुपारची वेळ बायकांची. मनीषानेच गेल्या वर्षी ओढत नेलं होतं, "आई, दिवसभर मोरीच्या दाराकडे बघत बसतेस" म्हणून. आज जमिनीवरून ६५ उचललं. (त्या प्रकाराच्या इंग्रजी नावातच मरण आहे, लिहवत नाही. 'जमिनीवरून' पुरे.) शिंदे सर म्हणाले, जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव देऊ, किती उचलायचं मनात आहे?
बहात्तर, म्हटलं.
वजनं अडीचच्या पटीत चढतात म्हणे. सत्तर, नाहीतर साडेबहात्तर.
बहात्तरच का, ते सांगितलं नाही.

४ ऑक्टो.
देव्हाऱ्यात यांचं तिकीट आहे, नाशिकरोड स्टेशनच्या वजनयंत्राचं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी सुटल्यावर गंमत म्हणून काढलेलं. ७२ किलो. मागे भविष्य : प्रवासाचा योग. त्याच आठवड्यात मोरीत पडले.
वरचा अर्धा किलो कसला, दिवसभर डोक्यात. मग आठवलं. अंगावरचे कपडे ओले होते.

१५ ऑक्टो., दसरा
व्यायामशाळेत वजनांची पूजा. झेंडूच्या माळा. सरांनी कुंकवाची कोयरी माझ्यापुढे धरली. मी मागे सरले. म्हणाले, "काकू, रोज हात तुम्ही लावता, आज का नको?" दोघीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. लावलं. लोखंड गार. यांची पाठ अशीच लागली होती हाताला.
नंतर ७० घेतलं. गुडघ्याशी अडलं.

२९ ऑक्टो.
७० पुन्हा गुडघ्याशी. त्या दिवशीही मोरीत यांना काखेत हात घालून इथवरच आणलं होतं. "राहू दे, तुझी कंबर मोडेल," म्हणाले. मग निसटले. शेजारी धावत येईपर्यंत…
शेवटचं बोलणं तेच. काळजीने म्हणाले की नेहमीसारखी चेष्टा केली, एवढं कळलं असतं तर.
दांडा गुडघ्याशी आला की मानेवर यांचा श्वास लागतो. सरांना काय सांगणार. ते म्हणतात, पाठ सरळ ठेवा.

१२ नोव्हें.
यांच्या पूजेच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या केल्या, गुडघ्यांना बांधायला. विकतचे पट्टे कशाला? सर म्हणाले, नियमात बसत नाही, पंच सोडायला लावतील. स्वतःचे दिले. पट्ट्या घडी करून परत आणल्या. फाडायला नको होतं.
७० गेलं. गुडघ्यावरून वर. घरी येऊन साखर ठेवली देवापुढे.
चांदवडहून मोठ्या जाऊबाईंचा फोन. मनीषा बोलली वाटतं. "या वयात अंगाला चिकटलेले कपडे घालून उभी राहणार? भाऊजी असते तर?"
म्हटलं, "असते तर मी गेलेच नसते."
मग तब्येत सांभाळ म्हणाल्या.

२३ नोव्हें., शनि. संकष्टी
उद्या स्पर्धा, तर सर म्हणाले उपास सोडा. बाप्पाचा उपास वजनकाट्यासाठी नाही मोडायचा. चंद्र बघून जेवले, पोटभर.
मोरीचा नळ ठिबकतोय. प्लंबर येऊन गेला तरी. दार उघडंच ठेवलंय, नेहमीसारखं.

२४ नोव्हें., रवि.
स्पर्धेत उचलायचे तीन प्रकार. बैठक आणि छातीवरचं हलकं घेऊन मोकळी झाले. जमिनीवरून पहिलं ६०, मग ६७.५. तिसऱ्याला साडेबहात्तर मागितलं. मनीषाने पावडर लावली हातांना. दांड्याला नमस्कार केला, लोक हसले थोडे.
गुडघ्याशी थांबलं. श्वास लागला मानेवर. "राहू दे" येणार म्हणून वाट पाहिली. नाही आलं. दांडा वर गेला. मी सरळ उभी. मानेवरचा श्वास गेला होता, कानात काही नाही, हातात मात्र पूर्ण वजन.
पंचांनी हात खाली केला. म्हणजे ठेवा. मला दिसलं. सगळं माहीत होतं. सर ओरडत होते, "काकू, ठेवा. झालं, ठेवा." मनीषा रडायला लागली.
नाही ठेवलं.
मग बोटं आपोआप उघडली. केवढा आवाज. तिन्ही दिवे लाल.
पंच वयस्क होते, जवळ आले. "बाई, उचललंत बरोबर. पण हातातून सोडलेलं धरत नाहीत. धरून खाली ठेवायचं असतं."
धरून ठेवायचं. मला कोण सांगतंय.

२५ नोव्हें.
तळव्यांची साल गेली. भांडी मनीषाने घासली. विचारलं, "आई, ऐकू आलं नाही का तुला?" नाही आलं म्हटलं. खोटं.

२८ नोव्हें., गुरु.
आरती. व्यायामशाळा. सर म्हणाले, मार्चमध्ये पुन्हा आहे, नाव देऊ का? आता उचलायचं राहू द्या, ठेवायचा सराव करू, रिकाम्या दांड्यावर.
रिकामा दांडा घेऊन उभी राहिले. हलकाच. ते म्हणाले, ठेवा.
कुठे, विचारलं.
त्यांना वाटलं चेष्टा करते. पायाजवळ दाखवलं. पण यांना उचलल्यावर न्यायचं कुठे, पलंगावर की दाराशी, हे मी त्या दिवशीसुद्धा ठरवलं नव्हतं.
नाव द्यायचं की नाही, सोमवारी सांगते म्हटलं.
घरी आले तर नळ बंद. थेंब नाही. मोरीच्या दाराशी उभी राहिले बराच वेळ, तळहात उघडे धरून.