मागच्या खोलीची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने सुतार आणि सकाळ-संध्याकाळ ताई ची या संथ चिनी युद्धकलेचा शिक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तोलाबद्दल दाखल्याची गरज नाही, आजही मी एका पायावर उभा राहून मोजे घालतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझा जुना शिष्य लांब्या याला मी काहीच ठेवले नव्हते.

एक. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. चाळीस वर्षे तिने माझे नुसते उभे राहणे पाहिले आणि "उभेच आहात तर तेवढा दिवा बदला" यापलीकडे तक्रार केली नाही.

दोन. खालचा कारखाना, रंधे, करवती व पटाशा मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. जावयाने हत्यारांना हात लावू नये. त्याने एकदा माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेलो नाही.

तीन. कारखान्यावरचे सरावाचे दालन कोणाला, हे सांगण्याआधी कारण सांगणे भाग आहे. वकील म्हणाले, थोडक्यात लिहा. मला जमले नाही.

चोविसाव्या वर्षी मी मोठ्या सरांकडे शिकायला गेलो. झाडाला मिठी मारावी तसे हात धरून, गुडघे किंचित वाकवून त्यांनी मला अर्धा तास उभे केले. तीन वर्षे तेवढेच. मग सावकाश चालणे, मग मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर ओळखणे. त्या जोराचे पुढे काय करायचे, माणूस पाडायचा कसा, हे विचारले की सर म्हणत, "आधी पाया. वापर पुढच्या वर्षी." अशी एकोणीस वर्षे गेली. मी विश्वास ठेवला. ओल्या लाकडाची चौकट करू नये हे सुताराला पटवावे लागत नाही.

एकोणिसाव्या वर्षी सरांचा निरोप आला, मागच्या खोलीच्या दाराला फट पडली आहे, बुजवून द्या. वर्गाला सुट्टी होती. मी माप घेत असताना फटीतून दिसले, आत सर आपल्या पुतण्याला शिकवत होते. पुतण्या येऊन जेमतेम चार महिने झाले होते, त्याला धड पाच मिनिटे उभे राहता येत नव्हते. "तो ढकलतोय ना? ढकलू दे. आता कंबर वळव. हां, पडला." पडायला माझ्याच कारखान्याच्या कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला आणला होता.

मी काय केले? माप घेतले, पट्टी कापली आणि चार खिळ्यांनी फट बुजवली. नख शिरणार नाही इतकी साफ बसली. सरांनी बाहेर येऊन तिच्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "छान. तुमचा पाया पक्का होत चाललाय."

एकोणीस वर्षांनी माझ्या तोंडाला अशी पाने पुसली. मी पुन्हा त्या घरी गेलो नाही. पुढे ते घर पाडले तेव्हा ते दार मात्र विकत घेतले आणि माझ्या दालनाच्या मागच्या खोलीला लावले. त्याला नेहमी कुलूप असते. पुढची विद्या त्या दाराआड शिकवतात असा शिष्यांचा समज झाला. मी तो होऊ दिला.

लांब्या माझ्याकडे अकरा वर्षे होता. त्याच्याइतके स्थिर पाय मी पाहिलेले नाहीत. दरवर्षी तो वापराचे विचारी आणि मी म्हणे, पुढच्या वर्षी. मग कळले की तो पुतण्याच्या वर्गाला जातो. "पहिल्या दिवसापासून वापर" अशी तिथे पाटी आहे. शंभर शिक्षक असताना नेमका तिथे गेला. त्याने केसाने गळा कापला असे मी सगळ्यांना सांगत सुटलो.

आठ महिन्यांनी तो चपला हातात घेऊन जिन्यात उभा होता.

"सर, त्यांना सगळे डाव येतात, पण उभं राहता येत नाही. स्वतःच्याच डावात पडतात. मी पडत नाही. पुतण्या विचारतो, तुला कुणी शिकवलं?"

"मग इकडे कशाला आलास?"

"तिथलं तुम्हाला दाखवायला. तुम्ही फक्त मला ढकला."

मी म्हणालो, "तुझा पाया कच्चाच राहिला. जा." त्याला सहा वर्षे झाली.

तोंडाने सांगता आले नाही ते कागदावर सांगतो. मोठ्या सरांना येत होते, त्यांनी दिले नाही. मला येतच नव्हते, आणि येत असल्याचे मी दाखवले. त्यांनी मला एकट्याला फसवले. मी दोनशे जणांना फसवले.

चार. दालन लांब्याला. अट एकच: नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात उभे राहणेही शिकवावे आणि पाडणेही. "पुढच्या वर्षी" हे शब्द तिथे कोणी उच्चारू नयेत.

पाच. मोठ्या सरांचा फोटो पुतण्याला द्यावा. मला तो भिंतीवरून काढवला नाही आणि बघवलाही नाही. त्याला आणखी काही नाही.

सहा. मागच्या खोलीची किल्ली रंध्यांच्या पेटीत आहे. लांब्याने सर्व शिष्यांसमोर कुलूप उघडावे आणि दाराची पट्टी उपटून टाकावी. आत काही नाही. लाकडी फरशी दोन पावलांपुरती झिजली आहे, तेवढीच. फटीतून पाहिलेला तो एक डाव मी रोज वर्ग सुटल्यावर तिथे एकट्याने करत आलो. तो बरोबर जमतो की नाही मला माहीत नाही. समोर ढकलायला कोणी नव्हते.

स्थळ: कारखान्यावरचे दालन. दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळचा वर्ग सुटल्यावर.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या दातांच्या डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले, आता निवृत्त (सही)

साक्षीदार दुसरे यांनी सही करण्यापूर्वी सर्व मजकूर वाचला. त्यांच्या आग्रहावरून त्यांचे बोलणे इथे नोंदवले आहे: "अहो, मी इथेच तर होतो. एकदा विचारायचं, ढकललं असतं की."