उकळलेले ब्रश

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला. सोफ्याखाली गेलेले ब्रशचे केस काढायला रोज आडवं व्हावं लागतं, त्यातच तुझा नमस्कारही उरकून घेतला.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची शुगर? लेकीला झोप लागते ना? लग्न जवळ आलं की मुलीची झोप उडते आणि आईची जीभ सुटते, म्हणून काळजी वाटते. आम्ही मजेत आहोत. मी पार्लरमध्ये आता काउंटरवर बसते, फोन उचलते आणि ‘मॅडम बिझी आहेत’ म्हणते. उभं राहावं लागत नाही, त्यामुळे पाय दुखत नाहीत. हे सगळं तुझ्या कृपेने झालं, तेव्हा आभार मानणं माझं कर्तव्य आहे.

फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं ऐकून घेण्याआधीच मला माफ करून टाकतेस. कागद मध्ये बोलत नाही.

लग्नाच्या खरेदीसाठी तू आमच्याकडे राहायला आलीस आणि आल्या आल्या माझ्या घराची साफसफाई काढलीस. पंख्याची पाती पुसलीस, डब्यांच्या झाकणांतला मळ टाचणीने काढलास, यांचे बूट धुतलेस (ओल्या बुटांत पाय घालून हे ऑफिसला गेले आणि दिवसभर फचफच वाजत राहिले). तू निघायच्या दिवशी माझी पार्लरची सुट्टी होती. मी घराबाहेर पडले ती तुझ्याच बसचं तिकीट काढायला, हे लक्षात ठेव.

तेवढ्यात तुला बेसिनजवळच्या मगात माझे मेकअपचे ब्रश दिसले. ते घाण होते, कबूल. त्यांच्यावर फाउंडेशनचे थर होते, काजळ होतं, एकावर यांची टूथपेस्टही होती. पण ताई, ते माझ्या स्वतःच्या तोंडाचे ब्रश. दिवसभर दुसऱ्यांचे धुऊन आल्यावर स्वतःचे धुवायला हात उचलत नाही. शिंप्याच्या सदऱ्याला सगळी बटणं असतात का कधी? तू मात्र हेच ब्रश मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर फिरवते असं ठरवून मोकळी झालीस. मग माझी कामाची पिशवी उघडलीस. त्यातले ब्रश आदल्याच दिवशी धुतलेले होते, तुझ्या ताटांपेक्षा स्वच्छ. पण एकदा मनात किल्मिष आलं की माणसाला चांदीही काळी दिसते. तू धुण्याचा सोडा घातलास, पातेलं चढवलंस आणि सगळे एकत्र उकळलेस. (दूध उतू जातं तेव्हा तू शेजारणीशी बोलत असतेस. ब्रश उकळताना मात्र पातेल्यापासून हलली नाहीस, असं हे सांगतात.) मग ते ग्लासात डोकं वर करून उन्हात ठेवलेस आणि वाळल्यासारखे वाटल्यावर पिशवीत जागच्या जागी लावून चेन ओढलीस. तुला बसमध्ये बसवून मी परत आले, तर संशय घ्यायला जागा नव्हती. यांनी सगळं पाहिलं होतं, पण यांचं म्हणणं, ताईंना कोण सांगणार.

आता तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते. ब्रशच्या मानेभोवती ती जी धातूची पट्टी असते ना, तिच्या आत डिंकासारखं काहीतरी असतं आणि सगळे केस त्याच्या भरवशावर असतात. म्हणून पाणी कोमट घ्यायचं आणि ते पट्टीच्या वर चढू द्यायचं नाही. लहान बाळाचा शाम्पू तळहातावर घेऊन त्यावर ब्रश गोल फिरवायचा, पाणी नितळ येईपर्यंत. टॉवेलमध्ये दाबायचा (पिळायचा नाही, तो लंगोट नाही), बोटांनी आकार द्यायचा आणि टेबलाच्या कडेला आडवा ठेवायचा, डोकं बाहेर काढून. ओला ब्रश उभा ठेवला की पाणी उतरतं मानेत, आणि मग मान सुटते. किती वेळा धुवायचा? कामाचा असेल तर दर गिऱ्हाइकानंतर. घरी एकटीच वापरणार असशील तर फाउंडेशनचा आठवड्याला, पावडरचा पंधरवड्याने धुतला तरी चालतं. एवढंच शास्त्र आहे. पण आपल्या घरात माझ्या कामाला ‘तोंडं रंगवणं’ म्हणतात, त्यामुळे त्यात शास्त्र असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

दुसऱ्या दिवशी एका नवरीचा ट्रायल मेकअप होता. बड्या घरची मुलगी, सोबत चष्मेवाली आई. मी गालावर फाउंडेशनचा ब्रश फिरवला आणि मुलीला दाढी फुटली. आई एकेक केस चिमटीत धरून उजेडात बघायला लागली, जणू पोलीस तपास. मी घाम पुसत, हसत, दुसरा ब्रश घेतला. त्यानेही केस टाकले. मग पावडरचा मोठा ब्रश उचलला. माझा सगळ्यात जुना, शेळीच्या केसांचा, पहिल्या नोकरीपासून माझ्याबरोबर असलेला. त्याचं मुंडकं तुटून सरळ मुलीच्या मांडीवर पडलं. तिला वाटलं उंदीर. ती खुर्चीसकट मागे गेली, आई ओरडली, वॅक्सिंगच्या खोलीतून एक बाई अर्ध्याच वॅक्स केलेल्या पायाने धावत आली.

मालकीणबाईंनी मला आत नेलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमचा हात चांगला आहे हो, पण हातातलं गळतंय. उद्यापासून काउंटर बघा.”

माझ्या खुर्चीवर आता एक कोवळी मुलगी नवऱ्या नटवते. मी तिला अपॉइंटमेंट देते. ती ओले ब्रश ग्लासात उभे ठेवते आणि मी काही बोलत नाही.

हे सांगायला तुला फोन केला तर तू काय म्हणालीस, आठवतंय? “एका तोंडाला एवढे ब्रश लागतात कशाला? मी अख्खं घर एका केरसुणीने झाडते.” मला हसू आलं, खोटं नाही सांगत. मग भावोजींनी फोन घेतला आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की लग्नासाठी मेकअपवाली ठरवली आहे, कुठल्याशा स्टुडिओतली. मागून तू म्हणालीस की बहिणीचे ब्रश पाहिलेत मी, पोरीच्या चेहऱ्याला काही झालं तर जन्मभर बोलणी खावी लागतील. हळूच म्हणालीस, पण तुझं हळू शेजारच्या घरी ऐकू जातं.

मला काही वाटलं नाही. लग्न तुमचं, मुलगी तुमची. मी मावशी म्हणून येईन, पहिल्या रांगेत बसेन आणि फोटोत हसेन. कुणी विचारलं की नवरीचा मेकअप कुणी केला, तर स्टुडिओचं नाव सांगेन. आता फोनवर बोलायची सवय झाली आहे, तेव्हा गोड आवाजात सांगेन.

भावोजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गुडघ्यांना जप.

तुझी,
घाणेरडी धाकटी

ता. क. पंख्याची पाती पुन्हा काळी झाली आहेत. तू येणार असशील तर राहू देते.

ता. क. २. खरं लिहायचं ते राहिलंच. मी नवे ब्रश घेतले आहेत. एकाही तोंडाला लागलेले नाहीत. नवे असले तरी आधी धुवावे लागतात, म्हणून धुतलेत आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेला आडवे ठेवलेत. त्यांना धक्का नको म्हणून हे ओट्याशी उभं राहून जेवतात. शाळेच्या नाटकात तुझ्या लेकीला पोलीस व्हायचं होतं, तेव्हा तिला मिशी मी काढली होती. गुदगुल्या होत होत्या तरी डोळे मिटून हलली नव्हती. त्या चेहऱ्याला परकीचा हात लागू देऊ नकोस, ताई. तुझ्या पाया पडते, आणि या वेळी केस गोळा करायला नाही. तिलाच विचार तिला कोण हवंय. तू मात्र मध्ये बोलू नकोस, फोन तिच्या हातात दे.

ता. क. ३. तू उकळलेल्यांपैकी मगातले ते घाणेरडे ब्रश तेवढे वाचले. अख्खे प्लास्टिकचे आहेत, डिंकाचा भरवसाच नाही, त्यांना काही होत नाही. स्वच्छही निघालेत, हे मान्य. पहिल्या रांगेतच बसायचं असेल तर त्यांनीच माझं तोंड रंगवेन. फक्त वेळेत कळव, म्हणजे पाण्यात न ओघळणारं काजळ आणून ठेवते.