पाइप लावून पिळलेला बोल्ट

रविवार, संध्याकाळ. नवीन पनवेल.

हात धुवायला वर घरात गेले, तेवढ्यात बाबांनी वाट लावली! बाईकच्या पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला मी दोन्ही बोल्ट नवे घातले होते. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर झाला की वाजणाऱ्या पान्याने, कट् असा आवाज येईपर्यंत आवळलेही होते. त्यापुढे हात लावायचा नसतो, हे बाबांना सांगूनही झालं होतं. खाली येऊन बघते तर बाबा जास्त जोर मिळावा म्हणून साध्या पान्याला लोखंडी पाइप अडकवून पिळतायत! "अजून थोडा आवळला गं, आता हलायचा नाही." आणि बोल्ट नुसताच फिरायला लागला. पुढच्या चाकाच्या फोर्कमधले, बोल्ट ज्यात बसतो ते आटेच गेले. आता उद्या पळस्प्याहून पुढे महाडला कशी जाणार मी? ब्रेक असा लटकत ठेवून?

"माझ्या हाताला कळतं," म्हणे. काय कळतं? डोंबल!

आई म्हणते, एकटी चाललीयेस, काळजीपोटी केलं त्यांनी. काळजी? दादा याच बाईकवरून एकटा गोव्याला गेला, तेव्हा हाच कॅलिपर खुळखुळत होता. मीच ओरडून सांगत होते. तेव्हा नाही कोणी पाइप शोधला. बाबांनी चहाचा कप धरून गॅलरीतून हात हलवला फक्त.