पाण्याखाली भाषण करता येत नाही, मामा

आदरणीय मामा,

दुरूनच वाकून नमस्कार. पत्रातून जेवढे वाकता येते तेवढे वाकले आहे असे समजा. तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता, की रोग्यांना गोळ्यांवर व्याख्यान देता देता स्वतःच्या विसरता? मामींचा गुडघा काय म्हणतो? दवाखान्यात गर्दी असेलच. माणसे एकमेकांचे ऐकत नाहीत म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा संसार चालतो, असे तुम्हीच म्हणायचा. मी इकडे सुखरूप आहे. निदान हे वाक्य लिहिताना तरी आहे. येत्या शनिवारनंतर हा शब्द माझ्या बाबतीत वापरता येईल की नाही याची खात्री नाही, आणि म्हणूनच पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी घराबद्दल सांगते, कारण घर कळल्याशिवाय बादलीचा प्रसंग कळणार नाही. आम्ही चौघी एका मजल्यावर राहतो. प्रत्येकीला एक खोली, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, एक फ्रीज आणि (इथे एक दीर्घ श्वास घ्या, मी रोज घेते) एकच न्हाणीघर. पहिली आमची न्यायाधीश. ही कायदा शिकते, आणि घरात चमचा पडला तरी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय उचलू देत नाही. दुसरी भट्टीवाली. ती बेकरीत काम करते, दुपारी भुवयांपर्यंत पिठाने माखून येते आणि समोर दिसेल ते खाते. तिसरी गोगलगाय. ती माझ्याच विभागात सागरी जीवशास्त्र शिकते, माझ्यामागून एका वर्षाने आलेली, समुद्रातल्या गोगलगायींवर काम करते आणि साधारण त्यांच्याच वेगाने बोलते. चौथी मी, समुद्री गवताची अभ्यासक. (हे गवत म्हणजे समुद्राच्या तळाशी उगवणारे खरेखुरे गवत. शेवाळ नव्हे. मामींना शेवाळ म्हणू देऊ नका.) ते मी ट्रेमध्ये भरून आणते आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. भट्टीवालीने एकदा ते चिरले, कांद्यावर परतले आणि पावाबरोबर खाल्ले. "चव बरी होती गं," म्हणाली, "मीठ घालावंच लागलं नाही." तिच्या पोटात माझ्या प्रबंधाचे अख्खे तिसरे प्रकरण गेले. मी फ्रीजला पाठ लावून असे काही भाषण केले की तिने पोटावर हात ठेवून माफी मागितली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डब्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी आहे. मग बाकीच्यांनीही आपापल्या डब्यांवर तीच चिठ्ठी लावली, आणि आता आमच्या फ्रीजमध्ये लोण्यावरसुद्धा 'खाऊ नये' लिहिलेले असते.

आता मूळ दुखण्याकडे येते. आमच्या विभागात विद्यार्थ्यांचे पाण्याखाली उतरणे बंद होते. उपकरणे जुनी झाली, धोका नको, म्हणून विभागप्रमुखांनी ते बंद केले आणि आम्हाला दोरीला बांधलेला कॅमेरा दिला. बोटीवरून तो खाली सोडायचा आणि वर ओढायचा. बहुतेक छायाचित्रांत दोरीच येते. दोरीवर प्रबंध लिहायचा असता तर आम्ही सगळे केव्हाच डॉक्टर झालो असतो. मामा, तुम्ही मला ओळखता. अन्याय दिसला की माझी जीभ माझ्या आधी उठून उभी राहते. विद्यार्थ्यांच्या सभेत मी टेबलावर चढले. "ज्या विद्येला आपल्या विषयाला हात लावायची परवानगी नाही, ती विद्या नव्हे, ती अफवा आहे!" असे मी म्हणाले. किनाऱ्यावर बसून समुद्राबद्दल बोलणाऱ्यांचे युग संपले आहे, असेही म्हणाले. जगात ज्यांनी ज्यांनी काही शोधले ते आधी घराबाहेर पडले, हे मी चार शास्त्रज्ञांची आणि दोन तत्त्वज्ञांची उदाहरणे देऊन सिद्ध केले. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. तो सगळा खरा आहे. पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतले, तिथून घोषणा देत आम्ही विभागप्रमुखांच्या दारात गेलो, ते बाहेर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि मागणी मान्य केली. नवी उपकरणे येतील. शिक्षक येतील. सगळ्यांना क्रमाने उतरता येईल. "आणि पहिला मान," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अर्थातच तुमचा. मात्र पहिल्याच खेपेला गडबड झाली, तर हा विषय या विभागात पुन्हा निघणार नाही."

पुन्हा टाळ्या झाल्या. त्यांत माझी एकही नव्हती.

कारण मामा, मला पोहता येत नाही. पोहणे राहू द्या, मी कधी डोके पाण्याखाली घातलेले नाही. तोंड धुतानासुद्धा मी डोळे उघडे ठेवते, पाणी कुठून येते आहे ते दिसावे म्हणून. तुम्ही विचाराल, मग या विषयाला प्रवेश कसा मिळाला? कोणी विचारलेच नाही! आकाशातल्या ग्रहांचा अभ्यास करणाऱ्याला उडता येते का, असे कोणी विचारते? गवत मला दुसरे लोक काढून आणून देत होते, मी ते ट्रेमध्ये बघत होते, आणि समुद्र व मी एकमेकांना आदराने अंतर राखून होतो.

मग मी सराव करायचे ठरवले. विभागात केला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून घरी. न्हाणीघरात बादली भरली, कडी लावली, गुडघ्यांवर बसले आणि तोंड पाण्यात घातले. मामा, बादलीच्या तळाशी भयंकर एकांत असतो. कानात कोणीतरी माती ओततो आहे असे वाटते, आणि स्वतःचे हृदय दुसऱ्याच कोणाचे तरी असल्यासारखे दार ठोठावू लागते. (नंतर कळले की दार खरोखरच न्यायाधीश ठोठावत होती.) मी उत्तर दिले, पण ते पाण्यातून दिले. तिने तो आवाज ऐकला आणि खांदा लावून कडी तोडली. तिला काय दिसले? मी जमिनीवर, डोके बादलीतून नुकतेच वर आलेले, डोळे लाल. "काय करतेस तू हे?" ती किंचाळली. 'मला भीती वाटते' एवढे तीन शब्द बोलायचे होते. टेबलावर चढून तासभर बोलणाऱ्या तुमच्या भाचीला ते जमले नाहीत. मी म्हणाले, "काही नाही, वैयक्तिक आहे."

झाले! मी जीव द्यायला निघाले आहे, असे घराने एकमताने ठरवले. बादली जप्त झाली. आता चौघी कढईतून अंघोळ करतो. मी आत गेले की दाराबाहेर कोणीतरी स्टूल टाकून बसते आणि म्हणते, "बोलत राहा. थांबलीस तर आत येईन." कडी नाहीच, त्यामुळे धमकी खरी. बोलत राहणे मला जड नाही. साबण लावता लावता मी स्त्रीशिक्षणावर बोलले, वृत्तपत्रस्वातंत्र्यावर बोलले, एकदा केस धुताना दास्याच्या इतिहासाची पहिली हजार वर्षे झाली. खालच्या घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठून विचारले, "वर निवडणूक लागली आहे का गं? आणि उमेदवार ओला का असतो?"

शेवटी स्वयंपाकघरात न्यायालय बसले. "आरोपीने आपली बाजू मांडावी," न्यायाधीश म्हणाली. मी कपाटाकडे बघत सांगून टाकले. मग भट्टीवाली इतकी हसली की तिच्या अंगावरून पीठ झडले.

"समुद्राची विद्यार्थिनी, आणि पाण्याला घाबरतेस?"

"तू भट्टीत जाऊन बसतेस का?" मी विचारले.

"मुद्दा मान्य," न्यायाधीश म्हणाली.

गोगलगाय मात्र हसली नाही. यादीत माझ्यानंतर तिचे नाव आहे. तिच्या गोगलगायी कपारीत राहतात, तिथे दोरीचा कॅमेरा जन्मात पोचणार नाही. आपल्या संथ चालीत ती म्हणाली, "ताई, तू नाही उतरलीस तर माझं काय?" मामा, मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद जिंकले आहेत. हा मी हरले.

तेव्हापासून पोहण्याच्या तलावावर शिकायला जाते आहे. आमचे पाणबुडे सर बुटके आहेत आणि शब्द जपून वापरतात. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "सोडा." मी विचारले, "काय?" ते म्हणाले, "शिडी." मी त्यांना शिडी न सोडण्याची तात्त्विक बाजू समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, माझ्या तोंडात हवेची नळी बसवली आणि चर्चा संपवली. माझी खरी भीती मला तिथे कळली. बुडण्याची भीती आहेच. पण आजवर ज्या ज्या संकटातून सुटले, ते जिभेच्या जोरावर सुटले. परीक्षक, वाहक, घरमालक, तुमची बहीण (म्हणजे माझी आई), सगळ्यांशी वाद घालता येतो. पाण्याखाली तोंडात नळी असते. तिथे फक्त खुणा. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. नवे विद्यार्थी 'छान चाललंय' म्हणून चुकून अंगठा दाखवतात. मी तो मनापासून दाखवते. आणि बोलणे बंद झाले की आतून जो आवाज येतो, तो माझ्या एकाही भाषणाला दाद देत नाही. तो फक्त विचारतो, हवा येते आहे ना? येते आहे ना? आत्ता आली, पुढची येईल ना?

शनिवारी बोटीवर सगळा विभाग असणार. पोरांनी फलक रंगवला आहे. त्यावर माझेच वाक्य आहे, ते अफवेचे. जेवण जात नाही. पाण्याचा पेला उचलला तरी मी आधी त्याची खोली मोजते आणि भट्टीवाली पेला काढून घेते. एवढेच. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, धाकट्यांना पाप्या, आणि आईला यातले काहीही सांगू नका.

तुमची भाची

ता. क. खरे म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिले: माझ्या कानाचा पडदा नाजूक आहे, पाण्याचा दाब सोसणार नाही, असे एक प्रमाणपत्र तुमच्या शिक्क्यासह ताबडतोब पाठवा. हे खोटे नाही. पडदा हा नाजूकच असतो, कोणाचाही; तुम्ही फक्त एक सर्वसाधारण सत्य माझ्या नावाने लिहायचे आहे.

दुसरा ता. क. पत्र न्यायाधीशाने वाचले. "सख्ख्या मामाला गोवतेस?" म्हणाली. मी तिला उत्तर देणार होते, पण खोलीत गेले तर माझा पाण्याखालचा चष्मा उशीवर ठेवलेला. काच घासून लख्ख केलेली, पट्टा माझ्या मापाने आवळलेला. गोगलगायीचे काम. पत्र तूर्त टाकत नाही.

तिसरा ता. क. शनिवार झाला. मी उतरले. पाणबुड्या सरांनी मनगट धरले होते आणि त्यावर माझ्या नखांच्या खुणा आहेत, ते महिनाभर दाखवत फिरतील. खाली गेल्यावर गवत दिसले. मामा, ते हलते. सगळे एकदम एका बाजूला झुकते, थांबते, परत येते. ट्रेमध्ये ते नेहमी पडून असायचे, त्यामुळे मला हे माहीतच नव्हते. मी किती वेळ गप्प होते ते सरांना विचारावे लागेल. नंतर गोगलगाय उतरली, आणि वर आल्यावर ती चक्क भरभर बोलत होती. विषय विभागात चालू राहणार. प्रमाणपत्र नको.

चौथा ता. क. प्रमाणपत्र पाठवाच. बोटीवर आनंदाच्या भरात मला कोणीतरी दोन शब्द बोलायला सांगितले. मी बोलले. समुद्राचे निम्मे जीवन अंधारात चालते, आणि जो विभाग फक्त उजेडात उतरतो तो निम्म्या सत्यावर पदव्या वाटतो, असे म्हणाले. टाळ्या प्रचंड. रात्रीच्या अंधारात उतरण्याची मागणी विभागप्रमुखांनी जागच्या जागी मान्य केली. पहिला मान कोणाचा, ते विचारू नका. तारखेची जागा तेवढी कोरी सोडा.